तालमीतला बिलांचा रविवार

माझ्या खांद्यावर शिडी दिसली की भरल्या गल्लीत शांतता पसरायची. नळावरची भांडणं अर्धवट सुटायची, बायका घरात जायच्या, आणि ज्यांनी बिल भरलेलं असायचं ते मुद्दाम दारात येऊन उभे राहायचे. मी वीज कंपनीत वायरमन होतो. आमचं काम दोन प्रकारचं. वादळात खांब पडला, तार तुटली की ती जोडायची. आणि बिल थकलं की खांबावर चढून चांगली जोडलेली तार तोडायची. जोडल्याबद्दल कुणी चहा पाजल्याचं फारसं आठवत नाही. तोडायला गेलो की मात्र "बसा की पावणं" म्हणून चहा, पोहे, आणि एका घरी तर जावयाला मांडावा तसा पाट मांडलेला होता.

उचगावात एकदा एक पैलवान खांबाच्या बुडाला पाठ लावून मांडी घालून बसला. मी वर चढलेलो. खालून म्हणाला, "तोडा की निवांत. उतरायचं हितनंच हाय न्हवं?" वर मी अर्धा तास काढला. गाव चांगलं दिसतं वरून. शेवटी त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून घरात नेलं, तेव्हा मी खाली आलो. तार तशीच ठेवली आणि वहीत 'घर बंद' असं लिहिलं. हे आता सांगायला हरकत नाही, पेन्शन सुरू झाली आहे.

या अंकाचे संपादक माझे शेजारी. "तात्या, नोकरीतलं काहीतरी लिहा," असं म्हणाले तेव्हा मी सवयीनं आधी त्यांचं वीजबिल बघायला मागितलं. पण मी लिहिणार आहे ते निवृत्तीनंतरचं. नोकरीत केलेली एक चूक मला निवृत्त झाल्यावर सापडली, आणि ती मी एकट्यानं शोधली असंही नाही.

झालं असं, की एका उन्हाळ्यात गल्लीतली बिलं अशी आली की लोक पोस्टमनशी बोलेनात. गॅसचा सिलिंडरही त्याच सुमाराला महागला. कोल्हापुरात मोर्चाला कारण लागत नाही, फक्त वेळ ठरवावी लागते. आम्हीही काढला. घोषणा दिल्या, निवेदन दिलं, येताना उसाचा रस प्यालो आणि घरी आलो. बिलं जिथं ठेवली होती तिथंच होती.

तेव्हा सरिता वहिनी म्हणाल्या, "मोर्चा झ्याक झाला तात्या. पर ह्यात काय लिवलंय ते कोन सांगनार?" सरिता वहिनी शिलाईकाम करतात आणि गल्लीतला बायकांचा बचत गट चालवतात. त्या बोलायला लागल्या की समोरच्यानं माप द्यायला उभं राहावं तसं उभं राहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्यांच्यामुळं तालमीत दर रविवारी सकाळी बिलं वाचायचं ठरलं. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण आमच्याकडं गणपती, रक्तदान, भांडणं, सोयरिकी सगळं तिथंच होतं. लाल मातीच्या कडेला सतरंजी, सतरंजीवर मी, आणि समोर बिलं घेऊन माणसं.

बिल वाचणं अवघड नसतं. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. मग थोडी युनिटं स्वस्त, त्यापुढची महाग, त्याच्याही पुढची आणखी महाग. म्हणजे वापर जरासा वाढला तरी बिल उडी मारतं. मीटर बघायला आलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर अंदाजानं सरासरी बिल लावतात आणि पुढं कधीतरी सगळं एकदम अंगावर येतं. एवढंच. हे कळल्यावर माणसं मला डॉक्टर समजायला लागली आणि मीही जरा तसाच बसायला लागलो.

आमचं पहिलं मोठं संशोधन आंघोळीच्या पाण्यातलं. घरोघरी बादलीत हीटर टाकायचा, पाणी कढत करायचं, इतकं की हात घालवत नाही, आणि मग त्यात गार पाण्याचं विसण घालायचं. मी म्हटलं, "अहो, पाहिजे तेवढंच तापवा की." एक आजोबा खवळले. "विसण घातल्याबिगर आंगूळ कशाची? ती काय मयताची आंगूळ हाय?" तो रविवार त्यातच गेला. पण सरिता वहिनींनी गणपतीतली विजेची रोषणाई एक वर्ष बंद ठेवायला लावली आणि त्या पैशातून तालमीच्या छपरावर उन्हावर पाणी तापवणारी टाकी बसवली. सकाळी म्हातारी माणसं बादल्या घेऊन रांगेत. पैलवान मंडळी मात्र गार पाण्यानंच आंघोळ करणार, परंपरा आहे. थंडीत ती परंपरा पाळताना त्यांचे ओठ निळे झालेले मी बघितले आहेत.

गॅस वाचवायला बायकांनी नवीन काढलं. भाताला एक उकळी आली की गॅस बंद, पातेलं गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवायचं, तासाभरानं भात मोकळा. हे सगळ्यांना पटलं. मग मी उत्साहात म्हणालो, मटणही पातेल्यात तासभर रटरटत न ठेवता कुकरला लावत जा. सतरंजीवर इतकी शांतता पसरली की मला शिडीचे दिवस आठवले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तात्याचं वय झालं." तो विषय मी परत काढला नाही.

आता गंगाक्कांकडं येतो.

गंगाक्का आमच्याच गल्लीतल्या. पासष्टी ओलांडलेल्या, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात एका खोलीच्या घरात. माहेर सीमेकडचं, त्यामुळं रागावल्या की कानडीत जातात आणि नेमकं काय म्हणाल्या ते आपल्याला कळत नाही, हे बरंच आहे. भिंतीला भिंत लागून धाकटे दीर मल्लाप्पा यांचं घर. मल्लाप्पांचं पेंडीचं दुकान, हात सढळ, तालमीच्या वर्गणीत नाव सगळ्यात वर. दोन्ही घरं मूळची एक. वाटणी झाली आणि मधे भिंत आली.

गंगाक्का पहिल्या रविवारी आल्या ते बिल पदरात गुंडाळून. मी उलगडलं. युनिटं बघून माझ्या भुवया वर गेल्या.

"अक्का, घरात काय काय हाय?"

"दोन दिवं, येक पंखा. पंखा बी लावत न्हाय मी. दिवा बी जेवताना तेवढा."

"मग हे?"

"म्हनून तर तुमच्याकडं आलो न्हवं?"

एवढी युनिटं दोन दिव्यांत होत नाहीत, हे मला माहीत. चाळीस वर्षं वीज हाताळलेली. असा आकडा फक्त एका गोष्टीनं येतो, विजेच्या शेगडीनं. त्यांच्या दारात सिलिंडर उतरत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मी मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अक्का, शेगडी कुठं लपवून ठेवलीसा?"

सगळी तालीम हसली. मी जरा जास्तच हसलो. गंगाक्कांनी बिलाची घडी घातली, परत पदरात गुंडाळली आणि गेल्या. पुढचे दोन-तीन रविवार त्या आल्या, पण मागं बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. कुणीतरी दर वेळी शेगडीची चौकशी करायचंच.

खरी गोष्ट सरिता वहिनींना माहीत होती. बिल आणि सिलिंडर, दोन्ही एका महिन्यात गंगाक्कांना झेपत नव्हतं. एक सोडायचं तर कुठलं? सिलिंडर नसला तर आत चूल पेटते, बाहेर कुणाला दिसत नाही. बिल थकलं तर दारात शिडी येते, गल्ली बघते. म्हणून त्या बिल भरत होत्या आणि उसाचं पाचट, काटक्या घालून चुलीवर भाकरी करत होत्या. छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून सांगितलं होतं. बचत गटानं सिलिंडरसाठी पैसे गोळा केले तर अक्का म्हणाल्या, "मी काय मागून खानाऱ्यातली हाय?" आणि वहिनींना चहा न देता पाठवलं. मुलगा दर फोनला सांगत होता, घराला कुलूप लाव आणि इकडं ये. त्यांना ते नको होतं. ज्या घरात लग्न होऊन आल्या तिथंच त्यांना शेवटपर्यंत राहायचं होतं, आणि ते आता एका कागदावर येऊन अडलं होतं.

इकडं मल्लाप्पा गाजत होते. त्यांचं बिल गल्लीत सगळ्यात कमी. घरात गिझर, मोठा फ्रीज, वरच्या खोलीत एसी, तरीही कमी. मी विचारलं तर म्हणाले, "पाच स्टारचा माल हाय तात्या. आनि मी बटन बंद केल्याबिगर खोली सोडत न्हाय. शिस्त लागती." कुणालाही शंका यावी. मलाही शंका यायची, फक्त ती भिंतीच्या चुकीच्या बाजूला यायची. गणपतीत आम्ही मल्लाप्पांचा 'काटकसरी ग्राहक' म्हणून सत्कार केला. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. भाषणात ते म्हणाले, "लोकांनी वायफळ खर्च टाळावा. आमच्याच घरात, भिंतीपलीकडं उदाहरण हाय, नाव घेत न्हाय." गंगाक्का बायकांच्यात बसल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढं होतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी गंगाक्का सरळ पुढं आल्या आणि सतरंजीवर माझ्यासमोर बसल्या.

"तात्या, जन्मभर लोकांची कनेक्शनं तोडलासा. माझं बी तोडा."

"अक्का, असं काय..."

"मीटरच काढून न्हेऊ द्या. अर्ज लिवून द्या मला. रॉकेलचा दिवा हुता तवा बी जगलोय की. मीटर न्हाय तर बिल न्हाय. बिल न्हाय तर मी हितंच ऱ्हातो."

नोकरीत तार तोडू नका म्हणून माझ्या पाया पडलेली माणसं मी बघितली होती. तोडा म्हणणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मी कागद घेतला, पण मला वाटत होतं की अक्का नाटक करतायत, घरी जाऊन शेगडी काढून दाखवली की प्रश्न मिटेल. तसं बोलूनही गेलो.

सरिता वहिनी उठल्या. "तात्या, तुमी सगळ्यास्नी सांगता, घरातला मेन स्विच बंद करा आन मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघा. अक्कांच्यात बघितलासा?"

"त्यांच्यात बघायची गरज नाही. ती जोडणी माझ्या हातची आहे."

"म्हनून तर बघायचं," वहिनी म्हणाल्या.

तपासणी साधी आहे. घरातली वीज पूर्ण बंद केली तरी मीटरवरचा दिवा लुकलुकत राहिला, तर तुमच्या मीटरवर कुणीतरी दुसरं जेवतंय. गल्लीतल्या प्रत्येक घरात मी ही तपासणी करायला लावली होती. एकच घर सोडून.

आम्ही तिघं निघालो. दोन्ही घरांच्या मागच्या बोळात दोन्ही मीटर एकाच फळीवर शेजारी शेजारी. अक्कांच्या घरात शिरताच धुराचा वास आला. भिंत छतापर्यंत काळी झालेली, कोपऱ्यात चूल, शेजारी पाचटाचा भारा. माझ्या नाकातोंडात धूर जात होता आणि मी अजून शेगडी शोधत होतो. पलंगाखालीही वाकून बघितलं, खोटं कशाला सांगू. शेगडी नव्हती. सरिता वहिनींनी मेन स्विच खाली ओढला. शोधायला लावलेला एकच दिवा विझला.

बोळात आलो. गंगाक्कांच्या नवऱ्याचं नाव लिहिलेल्या मीटरवरचा लाल दिवा सपाट्यानं लुकलुकत होता. मल्लाप्पांच्या नावाचा मीटर ढिम्म. आणि भिंतीपलीकडून मिक्सरचा आवाज येत होता.

"तात्या," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "मीटरवरची नावं कुनी लिवल्यात?"

ऑइलपेंटनं लिहिलेली ती माझीच अक्षरं. तेव्हा मला वाटणीचा दिवस आठवला. एका घराची दोन घरं व्हायची होती. त्यांच्या घरातल्या थोरल्यांचा हट्ट, की दोन्ही चुलींवर दूध एकाच वेळी उतू जायला हवं आणि दोन्ही घरांत दिवाही एकाच क्षणी लागायला हवा. एकाचा आधी लागला तर दुसऱ्याच्या मनात कायमचं राहील. जंगमस्वामींनी मुहूर्ताची वेळ काढून दिली होती. मी फळीपुढं बसून दोन्ही मीटरच्या तारा भराभर जोडल्या, घड्याळ बघितलं आणि दोन्ही स्विच दोन हातांनी एकदम वर केले. दोन्ही घरांत लख्ख उजेड. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला पहिल्या पंक्तीला बसवून पुरणाच्या होळग्या वाढल्या. आमच्या कामात नियम आहे, एक एक घर लावून बघायचं, कुठला मीटर चालतो ते. तो नियम मी त्या दिवशी पाळला नाही, कारण एक एक लावायला परवानगीच नव्हती. आणि नंतर होळग्या होत्या.

तारा उलट्या गेल्या होत्या, अक्कांच्या घराची मल्लाप्पांच्या मीटरला आणि मल्लाप्पांच्या घराची अक्कांच्या. बरीच वर्षं दोन्ही घरांचा वापर सारखाच होता, म्हणून कुणाला कळलं नाही. मग इकडचा नवरा गेला, मुलगा गेला, दिवे विझत गेले. तिकडं गिझर आला, एसी आला. गंगाक्का जितकी काटकसर करत गेल्या तितकं मल्लाप्पांचं बिल कमी होत गेलं. त्यांच्या फेट्याचे पैसे अक्कांनी अंधारात बसून भरले होते.

मी बोळातल्या पायरीवर बसलो. गंगाक्कांना सांगितलं. त्यांना तांत्रिक काही कळलं नाही, पण एवढं कळलं.

"म्हंजे ते बिल माझं न्हवतंच?"

"नव्हतं अक्का. चूक माझी. सगळे पैसे परत मिळवून देतो."

"पैशाचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलत न्हवतो. मी शेगडी लपवली न्हवती. तेवढं तालमीत सांगा. हसली हुती ती समदी माणसं आसताना सांगा."

पुढच्या रविवारी सांगितलं. मी आयुष्यात उंच खांबांवर, पावसात, वाऱ्यात चढलो आहे. आधार कधी शोधला नाही. त्या दिवशी सपाट सतरंजीवर उभा राहिलो आणि तालमीचा खांब धरला. वाटणीचा दिवस, तारा, माझी अक्षरं, शेगडीची थट्टा, सगळं सांगितलं. गंगाक्का या वेळी पुढं बसल्या होत्या, मान वर करून.

मल्लाप्पा आधी तडकले. "म्हंजे माझी शिस्त?" असं म्हणाले. मग उठून निघून गेले. दुपारी ते स्वतःच्या खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन गंगाक्कांच्या दारात गेले, दुकानात गडी असताना. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फेटा होता. गंगाक्कांनी सिलिंडर घेतला. फेटा परत दिला. "ठेवा. शोभतोय तुमास्नी. गिझर तेवढा कमी लावा."

निवृत्त माणसानं कंपनीच्या मीटरला हात लावायचा नसतो, म्हणून अर्ज केला, पंचनामा झाला, साहेब आले, तारा सरळ झाल्या. मागच्या बिलांचा फरक मिटायला बरेच महिने आणि माझ्या दोन चपला गेल्या. मल्लाप्पांनी त्यांच्या वाटणीचं हप्त्यानं भरलं आणि तेव्हापासून ते खरोखरच बटण बंद करून खोली सोडतात. तालमीत आम्ही एक नियम केला, माणूस बिल घेऊन आलं की आधी त्याच्या घरी जायचं, मग बोलायचं. थट्टा करायची तर माझी करतात. त्यात कमी पडत नाहीत.

मला स्वतःच्या कामाचा अभिमान आहे आणि तो काही गेलेला नाही. पण कितीतरी महिने एका बाईच्या छातीत धूर गेला, तो माझ्या दोन हातांनी गेला, आणि मी तिला वर हसलो. याचं मला फार वाईट वाटतं. याच्यावर अर्ज करता येत नाही.

तारा सरळ झाल्यावरचं पहिलं बिल आलं त्या दिवशी गंगाक्कांनी मला बोलावून घेतलं. पंखा सुरू होता. भिंतीला चुना दिलेला, चुलीच्या जागी तुळशीची कुंडी. गॅसवर चहा ठेवून त्यांनी बिल माझ्या हातात दिलं.

"वाचा."

मी आकडा वाचला. एवढासा आकडा.

"मोठ्यानं वाचा की! भिंतीपलीकडं जाऊ दे."

मी खांबावरून खालच्याला हाक मारावी तसा ओरडून वाचला. पलीकडं मल्लाप्पांनी घसा खाकरला. गंगाक्का खळखळून हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो लवकर थांबेना. चहा उतू जायला लागला तसा मी पुढं होऊन गॅस बारीक केला, आणि खोकला थांबेपर्यंत ते बिल हातात धरून उभा राहिलो.